मदत हवी आहे: आईच्या ओव्हरीत गाठ, पोटात पाणी. पहिलं ऑपरेशन कुणाकडे करावं? (इंदूर)

नमस्कार. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. आई ६३ वर्षांची आहे. लिहिताना थोडं पुढंमागं होईल, पण जे माहीत आहे ते सगळं देते, म्हणजे जाणकारांना सांगणं सोपं जाईल.

दिवाळीपासून आईचं पोट गच्च वाटायचं. अर्धी पोळी खाल्ली की "झालं माझं" म्हणून ताट सरकवायची. लघवीला सारखं जावं लागायचं, ते वयावर गेलं. गॅसच्या गोळ्या झाल्या, मग आतड्याचं औषध झालं, हिंगाष्टक तर रोजचंच. गेल्या वर्षी एका शिबिरात तिची पॅप स्मिअर नॉर्मल आली होती, त्यामुळे "खालच्या बाजूचं" काही असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला साडी नेसायला मदत करत होते, तेव्हा बघितलं की ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबतायत आणि परकराची नाडी मात्र जेमतेम गाठ बसेल एवढीच उरली आहे. वजन काट्यावर पूर्वीइतकंच. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली.

दोन्ही ओव्हरीत गाठी आहेत. उजवीकडची ९ सेंटिमीटर, आत घट्ट भाग असलेली. पोटात पाणी आहे. सीए-१२५ ही रक्ताची तपासणी केली, ओव्हरीच्या कॅन्सरची शंका असली की करतात ती; आकडा ६१० आला, नॉर्मल ३५ पर्यंत असतो म्हणे. सीटीत ओमेंटम, म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पडदा, जाड झालेला दिसतोय.

आता पेच असा. ज्या सर्जनना दाखवलं ते म्हणतात, याच आठवड्यात दुर्बिणीतून गाठ काढू, मग बायोप्सीला पाठवू. ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या, असं करू नका, आधी कॅन्सर सर्जनला दाखवा, कदाचित ते आधी किमो देतील. "आधी किमो" ऐकल्यावर बाबांचा धीरच सुटला. त्यांना वाटतंय की ऑपरेशनच्या पलीकडे गेलं म्हणून किमो.

थांबण्यात धोका आहे की घाई करण्यात? पाणी नुसतं काढून तपासलं तर निदान होतं का? इंदुरात करावं की मुंबईला न्यावं? आणखी एक, जे घरात कुणाशी बोलता येत नाहीये: आईच्या सख्ख्या बहिणीला, माझ्या मावशीला, ४६ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. मी ३८ ची आहे. मी दरवर्षी सीए-१२५ करून घेऊ का?

आणि आईला काय सांगायचं? बाबा म्हणतात काहीच नको. ती शाळेत गणित शिकवायची. फाइल कपाटात कितीही आत ठेवली तरी ती काढून वाचणार.

प्रतिसाद १

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आईंना तपासलेलं नाही, तेव्हा हा सल्ला नव्हे, माहिती समजा.

आधी एक धरून चला: अजून निदान झालेलं नाही. चित्र ओव्हरीच्या कॅन्सरशी जुळतंय हे खरं, पण आपल्याकडे पोटाचा टीबी अगदी असाच दिसतो. पाणी होतं, ओमेंटम जाड होतं, सीए-१२५ शेकड्यांत जातं. एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, लिव्हरचे आजार यातही तो आकडा वाढतो. उलट पहिल्या टप्प्यातल्या सुमारे निम्म्या रुग्णांत तो नॉर्मल असतो. त्यामुळे आकड्यावरून काहीच ठरवू नका. पाणी काढून त्यातल्या पेशी तपासतात, टीबीसाठीही तपासतात, आणि ओमेंटममधून सुईने तुकडा घेऊन बायोप्सी करतात. पाण्यात पेशी सापडल्या नाहीत म्हणजे कॅन्सर नाही, असंही नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. कॅन्सरची शंका असलेली गाठ दुर्बिणीने फोडून किंवा तुकडे करून काढू नये. गाठ ओव्हरीपुरतीच असेल आणि ऑपरेशनमध्ये फुटली, तर आजाराची स्टेजच वर जाते. आणि पसरलेली असेल, तर नुसती गाठ काढून फार काही साधत नाही. या ऑपरेशनमध्ये गर्भाशय, दोन्ही ओव्हरी, नळ्या, ओमेंटम आणि जिथे जिथे आजार दिसतो ते सगळं काढायचं असतं. डोळ्यांना दिसेल असं काहीही मागे राहिलं नाही, तर पुढची वाटचाल बरीच चांगली होते. हे काम गायनॅक ऑन्कोसर्जनचं, म्हणजे स्त्रियांच्या अवयवांच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनचं. पहिली संधी अर्धवट ऑपरेशनमध्ये घालवू नये, एवढं मी अगदी ठामपणे सांगेन. योग्य माणूस गाठायला आठ-दहा दिवस लागले तरी चालतील. मात्र श्वास लागला, उलट्या थांबेनात किंवा पोट अगदी ताणलं, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

बाबांना सांगा, आधी किमो म्हणजे हात टेकले असं नाही. आजार पसरलेला असेल किंवा रुग्ण अशक्त असेल तर साधारण तीन किमो देतात, पाणी आटतं, गाठी आक्रसतात, मग ऑपरेशन आणि उरलेल्या किमो. पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही जोडी, दर तीन आठवड्यांनी. केस जातात, परत येतात. हातापायांना मुंग्या येतात, त्या डॉक्टरांना वेळीच सांगायच्या. ताप आला तर घरी क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात.

पॅप स्मिअर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी असते. ओव्हरीबद्दल तिच्यातून काही कळत नाही. हा गैरसमज मला रोज ओपीडीत भेटतो. पन्नाशीनंतर नव्यानेच पोट फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवी यातलं काही महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर गॅस म्हणण्याआधी सोनोग्राफी करावी.

तुमच्याबद्दल. दरवर्षी सीए-१२५ नको. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर मोठी चाचणी झाली, २०२१ मध्ये निष्कर्ष आले: अशा तपासण्यांनी मृत्यू कमी झाले नाहीत. तुम्हाला उपयोगी आहे ती बीआरसीए जनुकांची तपासणी (यांत दोष असेल तर स्तनाच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरची शक्यता वाढते), पण आधी आईची. आईत दोष सापडला तरच नेमका तोच दोष तुमच्यात आहे का ते बघायचं. प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते, मुलग्यांनाही, आणि त्यांच्याकडून पुढे मुलींना. बीआरसीए-१ असेल तर आयुष्यभरात ओव्हरीच्या कॅन्सरची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास जाते, एरवी ती एक टक्क्याच्या थोडी वर असते. अशा बायकांना मुलंबाळं झाल्यावर ३५ ते ४० या वयात नळ्या आणि ओव्हरी काढण्याचा सल्ला देतात. आईंच्या उपचारालाही या तपासणीचा फायदा आहे, कारण दोष असेल तर किमोनंतर ओलापॅरिबसारख्या गोळ्या चांगल्या लागू पडतात.

प्रतिसाद २

ताई, माझ्या काकूंचं सगळं इंदुरातच झालं, फक्त सेकंड ओपिनियनला मुंबईत परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये गेलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी उपचाराचा आराखडा लिहून दिला, किमो घरच्या गावात घ्या म्हणाले. दर तीन आठवड्यांनी मुंबईची दगदग त्या अवस्थेत झेपत नाही. सीटीची सीडी नक्की न्या, नुसता कागद चालत नाही. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड (तपासलेल्या तुकड्याच्या काचा) आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) हेही मागून घ्या, ते रुग्णाचे असतात.

काकूंना आम्ही "पोटातलं इन्फेक्शन" सांगितलं होतं. किमोच्या वॉर्डात शेजारच्या बाईने पाच मिनिटांत खरं सांगितलं. त्यांना आजारापेक्षा आम्ही लपवल्याचं जास्त लागलं, दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. आईंना विचारा, "तुला किती जाणून घ्यायचंय?" आणि त्या म्हणतील तेवढं सांगा. बाबांनी तिथे बसलं पाहिजे, नंतर कळवायचं नाही.

खाण्याचं: एका वेळी पोटभर जाणार नाही. दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. मुगाचं वरण, पनीर, अंडं चालत असेल तर अंडं. पाणी काढलं की प्रथिनं जातात त्याबरोबर.

धागाकर्ती

खूप आभार. दुर्बिणीचं ऑपरेशन थांबवलं आहे. इथल्याच गायनॅक ऑन्कोसर्जननी पाणी काढून तपासायला पाठवलं, ओमेंटमची बायोप्सी झाली. पाणी निघाल्यावर आई चार घास जास्त जेवली. रिपोर्ट आले की परळला दाखवून यायचं ठरतंय. बाबांना प्रतिसाद १ मधला किमोचा परिच्छेद वाचून दाखवला, त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. आईशी रविवारी बोलणार आहोत, बाबा बसायला तयार झालेत.

एकच राहिलं: रेल्वेत कॅन्सर रुग्णांना सवलत असते ना? अवंतिकाचं तिकीट काढायचंय.

प्रतिसाद २

असते. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण सूट, सोबतच्या एकाला ७५ टक्के. ठरलेल्या नमुन्यातलं पत्र रुग्णालयाकडून भरून घ्या आणि तिकीट खिडकीवरून काढा. खालचा बर्थ मागा, आणि आईंसाठी सैल गाऊन बरोबर ठेवा.