बुकशेल्फ स्पीकरला स्टँड: तयार घ्यायचे की फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यायचे?

मारवा:
नमस्कार मंडळी. घरी बुकशेल्फ स्पीकरची जोडी आहे, साडेपाच इंची वूफर (खालच्या सुरांचा मोठा पडदा), पोर्ट (खोक्यातली हवा आत-बाहेर करणारं भोक) मागच्या बाजूला, उंची ३१ सेमी, एकेक साधारण सहा किलोचा. सध्या टीव्ही युनिटवर भिंतीला जवळजवळ टेकूनच ठेवलेत कारण युनिटला तेवढी खोलीच नाही. गायकाचा आवाज बरा येतो पण तबला सुरू झाला की डग्गा नुसता घुमतो, बोल कळत नाहीत, आणि पखवाजाचं रेकॉर्डिंग लावलं तर बाबा उठूनच जातात.

हॉल १४ बाय ११, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. मी सोफ्यावर बसून ऐकतो, बाबा मात्र गादीवर मांडी घालून. मोजलं तर जमिनीपासून माझे कान ९२ सेमीवर येतात आणि बाबांचे ७८. ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा पडदा) स्पीकरच्या तळापासून २४ सेमीवर आहे. मग २४ इंची स्टँड घ्यायचे, २८ इंची की आणखी बुटके, इथेच गाडी अडलीये. ऑनलाइन जे स्वस्त दिसतात ते काचेच्या बेसचे नि बारीक पाइपचे, आणि घरात तीन वर्षांची मुलगी आहे. जे दणकट आहेत त्यांची किंमत स्पीकरच्या निम्मी. आणि ती स्टँडच्या पाइपात वाळू भरायची भानगड खरंच लागते का? ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

खर्जातला:
मापं घेऊन विचारलंत हे फार बरं केलंत, आता हिशोब सोपा आहे. २४ इंच म्हणजे ६१ सेमी, त्यात २४ मिळवले की ट्वीटर ८५ वर. तुमच्या कानाच्या ७ सेमी खाली, बाबांच्या कानाच्या ७ सेमी वर. अडीच मीटरवरून बघितलं तर हा फरक दोन अंशसुद्धा भरत नाही. २८ इंची घेतले तर तुमचं जमेल पण बाबांसाठी ट्वीटर १७ सेमी वर जाईल. टू-वे स्पीकरमध्ये, म्हणजे तुमच्यासारख्या दोन पडद्यांच्या, वूफर आणि ट्वीटर जिथे एकमेकांकडे सूत्रं देतात तो भाग नेमका गळ्याचा आणि सारंगी-हार्मोनियमचा असतो, कान फार वर किंवा खाली गेला की तिथे आवाज पोकळ होतो. म्हणून २४ इंची, विषय संपला.

पण उंची हा तुमचा मूळ आजार नाहीच. डग्गा घुमतोय तो भिंतीमुळे. खालचे सूर स्पीकरच्या फक्त पुढे जात नाहीत, चारी बाजूंनी जातात, मागच्या भिंतीवर आपटून परत येतात आणि मूळ आवाजात मिसळून तो फुगवतात, कोपऱ्यात तर आणखीनच. त्यात तुमचा पोर्ट मागे. त्यात टीव्ही युनिट म्हणजे प्लायचं पोकळ खोकं, तेही सोबत वाजतं. स्टँडचा खरा फायदा हा की स्पीकर भिंतीपासून हवे तितके पुढे आणता येतात, बाकीचं सगळं नंतर.

त्यामुळे एक पैसा खर्च करायच्या आधी घरातली दोन सारख्या उंचीची लाकडी स्टुलं घ्या, भिंत आणि स्पीकरची पाठ यात ४५ सेमी ठेवा, दोन स्पीकरमध्ये सहा-सात फूट, आणि दोन्ही तुमच्यापासून सारख्याच अंतरावर, टेपने मोजून. तोंडं किंचित आत वळवा. मुलगी झोपल्यावर करा हे. तोच पखवाज लावा, मग अंतर ३० करून ऐका, ६० करून ऐका. कुठे बोल सुटे होतात ते टाइलवर खडूने लिहून ठेवा. ४५ पुढे आणणं घरात जमणारच नसेल तर पोर्टमध्ये सैलसर गुंडाळलेला मोजा घालून बघा, घुमणं बरंच खाली येतं.

उद्यमनगरी:
खर्जातला +१, आधी स्टुलावर ऐकून घ्या.

मी कोल्हापूरचा, फॅब्रिकेशनच्याच धंद्यात आहे, स्टँड बरेच करून दिलेत म्हणून सांगतो. ३ बाय ३ इंची चौकोनी एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप, २ एमएम जाडीचा, खाली १२ बाय १२ ची ६ एमएम प्लेट, वर ६ बाय ८ ची ४ एमएम. वरची प्लेट स्पीकरच्या तळापेक्षा थोडी लहानच ठेवा, बाहेर आली की तिचा कोपरा लागतो. एवढ्याचं लोखंड आठ किलोच्या आसपास भरतं, त्यातलं निम्म्याहून जास्त वजन तळाच्या प्लेटचं, आणि तुम्हाला नेमकं तेच पाहिजे.

फॅब्रिकेटरला दोन गोष्टी उभं राहून सांगा नाहीतर तो गेट केल्यासारखं करून देईल. एक म्हणजे पाइप आणि प्लेट आधी फक्त टाके मारून धरायचे, समोरासमोर, मग गुण्या लावून बघायचा, आणि मगच पूर्ण वेल्डिंग, तेही थोडं या बाजूला थोडं त्या बाजूला. एका दमात एका बाजूने वेल्डिंग ओढलं की प्लेट उष्णतेने ओढली जाते आणि स्टँड आयुष्यभर वाकडा राहतो. दुसरं, तळाच्या प्लेटला चार कोपऱ्यांत एम ८ चे नट वेल्ड करून घ्या, त्यात रबरी तळाचे लेव्हलर (फिरवून उंची कमीजास्त करायचे पाय) बसतात, फर्निचरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतात. टाइल्स कधीच एका पातळीत नसतात. टोकदार स्पाइक टाइलवर लावू नका, चरा पडतो आणि स्टँड सरकतोही. काही लोक तीन पायांचे करतात कारण तीन पाय डुगडुगत नाहीत, पण लहान मूल आहे तिथे चारच, तीन पायांचा स्टँड कोपऱ्याकडून ढकलला की लवकर कलतो.

मग पावडर कोटिंग. वाळू कोटिंगनंतर भरायची, आधी अजिबात नाही, ते भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास तापवतात.

ठाणेकरीण:
तयार स्टँडबद्दल मी लिहिते, कारण सगळ्यांना वर्कशॉपच्या फेऱ्या जमत नाहीत. तळाचं वजन आणि रुंदी बघून घ्या, दिसण्यावर जाऊ नका. एमडीएफचा बेस असेल तर आपल्याकडे रोज ओल्या फडक्याने फरशी पुसतात हे लक्षात ठेवा, खालची कड पाणी पिते, फुगते आणि लॅमिनेट सुटतं, पावसाळ्यात तर बघायलाच नको. बेस खाली पाय लावून फरशीपासून सेंटीमीटरभर वर राहिला पाहिजे.

जोडताना सगळे बोल्ट आधी हाताने सैल लावायचे, स्टँड सपाट जागी उभा करायचा, आणि मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं. पहिलाच बोल्ट ॲलन कीने करकचून आवळला की चौथा भोकात बसतच नाही. एमडीएफमधल्या पितळी इन्सर्टवर जोर लावू नका, एकदा तो जागेवर फिरायला लागला की पकड गेली.

आणि स्पीकर नुसता प्लेटवर ठेवू नका हो, मुलगी आहे ना घरात! ब्लू टॅकच्या (चिकट पुट्टीच्या) हरभऱ्याएवढ्या गोळ्या चार कोपऱ्यांत लावून वरून दाबा, सहज हलत नाही. काढताना सरळ वर ओढायचं नाही, स्पीकर हळूहळू पिळल्यासारखा फिरवायचा, नाहीतर व्हिनिअर निघून येतं. वायर मोकळी लोंबू देऊ नका, मुलं वायरच ओढतात.

खर्जातला:
वाळूचं राहिलं. पाइपवर बोटाच्या पेराने टकटक करा. टण्ण करून वाजत राहिला तर भरा, ठप्प झाला तर गरज नाही. भरली तर पाऊण पाइपपर्यंत पुरे, ३ इंची पाइपात साडेतीन किलोच्या आसपास बसते. आवाजात फरक पडेल तो बेताचाच, पण स्टँड जड झाला की जागचा हलत नाही आणि तुमच्या घरात ते जास्त महत्त्वाचं.

मारवा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री स्टुलांवर ठेवून बघितलं. ४५ वर डग्ग्याचा घिस्सा पहिल्यांदा घिस्सा म्हणून ऐकू आला, नुसता धुम्म नाही! ६० वर अजून मोकळं वाटलं पण तिथे येण्याजाण्याची वाट अडते, म्हणून ४५ पक्कं. बाबा रेकॉर्डिंगच्या दोन्ही बाजू पूर्ण ऐकून उठले. स्टँड करूनच घेतोय, २४ इंची. आता दोनच शंका: वाळू कुठली घेऊ, आणि वायर पाइपच्या आतून नेली तर चालेल का?

उद्यमनगरी:
प्लॅस्टरची नदीची वाळू चालते, बारीक चाळून, धुऊन, उन्हात वाळवून वर कढईत चांगली तापवून घ्या. ओल राहिली तर पाइप आतून गंजणार. समुद्राची वाळू नको, त्यातलं मीठ ओल ओढतं. क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) भुकटी फार असते, ती नीट धुवावी लागते. भरायला वरच्या प्लेटला पाइपच्या मधोमध २० एमएमचं भोक पाडून घ्या आणि प्लास्टिकची टोपी लावा, स्पीकर वर आला की दिसतही नाही.

वायर वाळूच्या पाइपातून नको. खाली भोक पाडलं की तिथून वाळू झिरपत राहते आणि पुढे वायर बदलायची म्हटली तर सगळं रिकामं करावं लागतं. मागच्या बाजूला अर्धा इंची पाइप टाक्यांवर जोडून घ्या, तोही कोटिंगच्या आधी, आणि त्याची दोन्ही तोंडं ग्राइंडरने गुळगुळीत करायला सांगा म्हणजे वायर सोलणार नाही. वायरच्या टोकाला बनाना प्लग (स्पीकरमध्ये खोचायच्या पिना) असतील तर ते वायर ओवल्यानंतर लावा, अर्ध्या इंचातून जोडीने जात नाहीत.