आपलाच पोरगा समोरच्या जर्सीत आला, तर हुर्यो करायची का?

पारावरून

रविवारी आमच्या मैदानावर जे झालं ते मनातून जात नाही, म्हणून मांडतो.

वणीकडचं आमचं गाव. एका अंगाला कपाशी, दुसऱ्या अंगाला कोळशाची खाण. वेचणी आटोपत आली की जिल्हा परिषदेच्या शाळेमागं फुटबॉलचे सामने लागतात, सात-सात खेळाडूंचे, हॅलोजनच्या उजेडात. यंदा सेमीफायनलला तालुक्याचा क्लब आमच्यासमोर होता आणि त्यांच्याकडून खेळत होता आमचाच पोरगा. दहाव्या वर्षापासून याच मैदानावर अनवाणी खेळून मोठा झालेला. मागच्या हंगामात तो तिकडं गेला.

त्याच्या पायाला पहिल्यांदा बॉल लागला आणि मैदानभर हुर्यो झाली. तोवर मला काही वावगं वाटलं नाही. मग "गद्दार, गद्दार" सुरू झालं. मग तेच मायकवरून सुरू झालं, आमच्याच समितीच्या मायकवरून. आणि मग कोणीतरी त्याच्या आईबद्दल जे ओरडलं ते मी इथं लिहीत नाही. त्याची आई, आमच्या मावशी, शाळेच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, दरवर्षी बसतात तिथंच. हाफटाइमला त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि उठून घरी गेल्या.

दुसऱ्या हाफमध्ये पोरानं गोल मारला. हात वर केला नाही, पळाला नाही. मान खाली घालून सेंटरकडं चालत गेला, तेवढ्यात पाठीवर पाण्याचा पाऊच येऊन फुटला.

इंग्लंडचा फुटबॉलपटू फ्रँक लँपार्ड तेरा वर्षं चेल्सी क्लबकडून खेळला, २११ गोल केले. २०१४ मध्ये तो मँचेस्टर सिटीकडून उतरला आणि चेल्सीविरुद्धच त्यानं बरोबरीचा गोल मारला. त्यानंही जल्लोष केला नाही. दूरवरून सामना पाहायला आलेल्या चेल्सीच्या लोकांनी त्याला टाळ्या दिल्या. हातचा विजय घालवणाऱ्या माणसाला. आमच्या पोराचं घर तर मैदानापासून शंभर पावलांवर आहे. सामना संपल्यावर त्याला त्याच गर्दीतून घरी जायचं होतं.

माझं मत सरळ आहे. हुर्यो करा, शिट्ट्या मारा, तो चुकला की ओरडा. पण मायक नको, आईबहीण नको, अंगावर काही फेकणं नको. आणि तो पहिल्यांदा मैदानात येतो तेव्हा दोन टाळ्या वाजवायला आपल्याला जड जाऊ नये.

मैदानाकाठचा

भाऊ, तुमी अर्धीच गोष्ट सांगितली. आता उरलेली अर्धी माझ्याकडून ऐका. मीबी त्याच गावचा.

त्या पोट्ट्याले पयले स्टडचे बूट गावानं वर्गणी करून घेऊन देल्ले. नागपूरले निवड चाचणीले गेला तवा गाडीभाडं, राहाचं, खाचं, सारं समितीनं केलं. कापसाले भाव नोयता त्या वर्षीबी लोकायनं वर्गणी देल्ली. आन् तो गेला कवा? सामने नऊ दिवसांवर आले तवा. एंट्री फॉर्मवर त्याचं नाव लिहून झालं होतं. कॅप्टनले फोनबी नाई. आमाले समजलं कसं, त त्यायच्या क्लबच्या बॅनरवर याचा फोटो पाहून.

तुमी लँपार्ड सांगता. त्याले चेल्सीनंच नवीन करार देल्ला नोयता, तो काही लाथ मारून गेला नोयता. पोर्तुगालच्या फिगोचं सांगा नं. बार्सिलोनात पाच वर्षं लोकायनं डोक्यावर घेतलं आन् २००० मंदी तो थेट त्यायच्या हाडवैऱ्याकडं, रियल माद्रिदले गेला. २००२ मंदी त्याच मैदानावर कॉर्नर घ्याले आला त डुकराचं मुंडकं फेकलं. तसं फेकनं चूकच, मी त्याची बाजू घेत नाई. पण ज्यायनं त्याचं नाव आपल्या पोरायले ठेवलं असंल त्यायच्या जिवाले काय झालं असंल ते मले समजते.

आन् एक गोष्ट. तिकडं खेळाडू पैशानं गेला की १२ ते २३ वर्षांच्या वयात त्याले ज्यायनं घडवलं त्या क्लबायले त्या पैशातून पाच टक्के वाटून द्या लागते, असा फिफाचा नियमच हाय. आमाले काय भेटलं? ना पैसा, ना फोन, ना "येतो जी" म्हनून निरोप. आमच्यापाशी फक्त हुर्यो हाय. तेबी आमच्याकडून काढून घेता काय?

आईवरून जो बोलला तो चुकला. त्याले मीबी तिथंच टोकलं होतं. पण मायक वाजला, त वाजू द्या. गद्दारले गद्दारच म्हनतात.

जामठ्याचा प्रेक्षक

मैदानाकाठचा, एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या संघात या वर्षी बल्लारपूरकडचे दोन जण होते ना? मी तो सामना पाहिला आहे. त्यांच्या गावचे लोक त्यांना काय म्हणत असतील?

क्रिकेटपटू करुण नायर २०२३ मध्ये कर्नाटक सोडून विदर्भाकडे आला. २०२४-२५ च्या रणजीत त्यानं ८६३ धावा केल्या, नागपूरजवळ जामठ्याला केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात शतक ठोकलं, आपण तिसऱ्यांदा करंडक उचलला. मी तिथं घसा बसेपर्यंत ओरडलो. पुढच्या हंगामात तो कर्नाटकात परत गेला. मला वाईट वाटलं, पण आपल्याकडं आला तेव्हा तो गुणी आणि परत गेला तेव्हा बेइमान, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

मैदानाकाठचा

बल्लारपूरचे पोट्टे पैसे घेऊन खेळले हे खरं हाय. पण त्यायनं आमाले कवा म्हटलं नाई की आमी तुमचे हाव. दोन सामने, ठरलेली रक्कम, रात्रीच्या जीपनं वापस. तिथं जीव गुंतत नाई, मंग तुटनार काय? नायरचंबी तसंच. तो पाहुना म्हनून आला, पाहुना म्हनून गेला. घरचं लेकरू आन् पाहुना एका तराजूत तोलू नका.

जुना गोलकीपर

पंचवीस वर्षं गोलपोस्टमध्ये उभा राहिलो, त्यामुळं प्रेक्षकांचं बोलणं माझ्याइतकं जवळून फार थोड्यांनी ऐकलं असेल. गोलकीपरच्या मागं उभा राहणारा माणूस मनातलं सगळं बोलतो.

मला वाटतं दोघंही एक गोष्ट सोडून बोलत आहेत. गेला कसा, आणि पाठवला कोणी?

१९९० मध्ये इटलीतल्या फ्लोरेन्स शहराच्या फिओरेंतिना क्लबनं रॉबेर्तो बाज्जोला युव्हेंटसला विकलं. युव्हेंटस म्हणजे फ्लोरेन्सच्या लोकांचा हाडवैरी. शहरात दंगल झाली, माणसं जखमी झाली. बाज्जोला स्वतःला जायचं नव्हतं. पुढच्या वर्षी तो युव्हेंटसची जर्सी घालून फ्लोरेन्सला आला. पेनल्टी मिळाली. नेहमी घेणारा तोच, पण त्यानं घ्यायला नकार दिला. दुसऱ्यानं घेतली, ती वाया गेली, युव्हेंटस सामना हरलं. त्याला बाहेर काढलं तेव्हा प्रेक्षकांतून फिओरेंतिनाचा मफलर खाली आला आणि तो त्यानं उचलून घेतला. आता युव्हेंटसच्या बाजूनं विचार करा. पगार आमचा आणि पेनल्टी घेणार नाही? त्यांचा संतापही खोटा नव्हता. मी त्यांचा गोलकीपर असतो तर मीही चिडलो असतो.

दुसरा गाब्रिएल बातिस्तुता. फिओरेंतिना १९९३ मध्ये खालच्या विभागात घसरली तरी तो सोडून गेला नाही. नऊ वर्षं राहून २००० मध्ये रोमाला गेला. त्याच हंगामात त्यानं फिओरेंतिनाविरुद्ध गोल मारला, रोमा १-० जिंकलं, आणि गोल मारून तो मैदानातच रडला. यानं आपलं काम चुकवलं नाही आणि मनही लपवलं नाही. माझ्या मते याच्या वर दर्जा नाही.

पारावरून, तुमच्या वर्णनावरून तुमचा पोरगा बातिस्तुताच्या प्रकारातला दिसतो. गोल मारला आणि मान खाली घातली. पण नऊ दिवस आधी न सांगता जाणं हे बातिस्तुतासारखं नाही. तिथं मैदानाकाठचा यांची तक्रार खरी आहे. फक्त ती तक्रार मैदानात मिटत नसते. ती त्याच्या ओसरीवर बसून, तोंडावर बोलायची असते. तुमच्यापैकी कोणी गेलं होतं का?

पारावरून

नाही. कोणी गेलं नाही. मीही गेलो नाही.

झाडीतली लेक

मला बाज्जो माहीत नव्हता, वाचून बरं वाटलं. पण त्या मावशींचं वाचल्यावर पुढचं वाचवत नव्हतं.

आमच्या गोंदियाकडं सामन्याला बाया येतात त्या मैदानाच्या कडेला, एका कोपऱ्यात. पोरगा खेळतो म्हणून येतात. ऑफसाइड कळत नसेल, पण पोराचं चालणं पाहून गुडघा दुखतो की नाही हे त्यांना कळतं. आणि चिडलेला माणूस खेळाडूला लागावं म्हणून सगळ्यात आधी कोणाचं नाव घेतो? तिचंच. खेळायला तो गेला, पैसे त्यानं घेतले, फोन त्यानं केला नाही. शिवी मात्र तिला.

"आईवरून बोलला तो चुकला" असं एका ओळीत म्हणून पुढं जाऊ नका. मायकवरून गद्दार सुरू झाल्यावरच तो बोलायला धजला. आधी नाही. मायक म्हणजे गावाचा आवाज. गाव बोलतं आहे म्हटल्यावर एकेकट्याची जीभ सुटते. आमच्याकडं एका सामन्यात असंच झालं आणि त्यानंतर आमच्या पाच-सहा मुलींनी सरावाला येणं बंद केलं. त्यांच्या घरच्यांनी त्यांना मायकवरचं बोलणं ऐकवलं आणि विचारलं, तू हे ऐकायला जाणार का?

दोन जर्स्या

मी गेलेल्यातला आहे. म्हणून नाव सांगत नाही.

वडील आजारी होते, सोसायटीचं कर्ज थकलं होतं. शेजारच्या गावचा संघ सामन्याला सहाशे रुपये आणि पेट्रोल देत होता. माझ्या गावचा संघ नाश्ता देत होता. त्यात गावाची चूक नाही, त्यांच्याकडं नव्हतेच. मीही न सांगता गेलो. सांगायला गेलो असतो तर काकाजी, दादा सगळे समोर बसले असते आणि मला "नाही" म्हणता आलं नसतं. म्हणून पळालो. ते चुकलं, आज कबूल करतो.

परत खेळायला आलो तेव्हा हुर्यो झाली. खरं सांगू? हुर्यो सोसते. अंगात जोर येतो. २००९ मध्ये अडेबायोर आर्सेनल सोडून मँचेस्टर सिटीकडं गेला आणि आर्सेनलविरुद्धच खेळला, दिवसभर शिव्या खाल्ल्या आणि गोल मारून अख्खं मैदान पळत जाऊन आर्सेनलच्याच प्रेक्षकांसमोर गुडघ्यावर घसरला. त्याला दंड झाला, लोकांनी वस्तू फेकल्या, मैदानावरचा एक कर्मचारी जखमी झाला. त्याचं मी समर्थन करत नाही, पण ते पाहिलं तेव्हा माझे पाय थरथरले होते. कारण मलाही तसंच पळायचं होतं.

मला सोसलं नाही ते वेगळंच. सामना संपल्यावर माझ्याच बॅचचा मित्र, ज्याच्यासोबत मी एका सायकलवर डबलसीट सरावाला जायचो, तो बाजूनं गेला आणि बोलला नाही. चार वर्षं झाली. अजून बोलत नाही.

म्हणून पारावरून, तुमच्या टाळ्यांशीही मी सहमत नाही. टाळ्या वाजवल्या असत्या तर मी खेळूच शकलो नसतो. नव्वद मिनिटं मला शत्रू समजा. नंतर पाणी विचारा.

खेळ पाहणारा

एवढं भावुक व्हायची गरज नाही. गुजरात सोडून मुंबईकडं आलेल्या हार्दिक पंड्यालाही २०२४ च्या आयपीएलमध्ये अहमदाबादला हुर्यो झाली, नंतर वानखेडेवर त्याच्या स्वतःच्या संघाच्या लोकांनीच केली. त्याच वर्षी तो टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आला आणि तेच लोक नाचले. खेळाडू विसरतात, आपणही विसरतो.

जुना गोलकीपर

खेळ पाहणारा, सगळे विसरत नाहीत. इंग्लंडचा फुटबॉलपटू सोल कँपबेल २००१ मध्ये टॉटनहॅमहून त्यांच्या हाडवैऱ्याकडं, आर्सेनलला गेला. सात वर्षांनी, तो पोर्ट्समथकडून खेळत असतानाही टॉटनहॅमच्या काही लोकांनी त्याला इतक्या घाण शिव्या दिल्या की प्रकरण कोर्टात गेलं आणि त्यांच्यावर मैदानबंदी आली. आणि हार्दिकच्या आईच्या शेजारी राहून रोज नळावर भेटणारी माणसं वानखेडेवर नव्हती. गावात हाच फरक आहे.

कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा सामना चालू होता. मैदानात दोन खेळाडूंची धक्काबुक्की झाली, ती गर्दीत पसरली आणि चेंगराचेंगरीत १६ जण गेले. घरून डबा खाऊन फुटबॉल पाहायला निघालेली माणसं. आमच्या गावी तर मैदानाला दोरीही नसते, प्रेक्षक टचलाइनवर बसतात. मायकवरचा माणूस काय बोलतो यावर तिथं सगळं अवलंबून असतं.

मैदानाकाठचा

दोन जर्स्या, तुमचं दोनदा वाचलं. आमच्या पोट्ट्यालेबी असंच काही असंल का, हे मी विचारलं नाई. त्याच्या बापाच्या पायाचं ऑपरेशन झालं हे माहीत होतं, पण दोन गोष्टी मी जोडल्या नाई.

तरी माझं मत बदललं असं समजू नका. न सांगता जाचं नाई, हे मी म्हनतच राहीन. आन् तो आला की हुर्यो करीनच. लेकरानं पाठ फिरवली त घरात आवाज होतेच, तो आवाज बंद करा असं म्हननं मले पटत नाई. पण झाडीतल्या बाईंचं मायकवालं बोलनं खरं हाय. तो मायक माझ्या चुलतभावाच्या हातात होता. मी बाजूले बसून हासलो होतो.

पारावरून

गुरुवारी सायंकाळी मारुतीच्या देवळात समितीची बैठक आहे. मी दोन विषय मांडतो. मायकवाल्यानं नाव, नंबर आणि स्कोअर एवढंच बोलायचं. आणि पुढल्या वर्षीपासून ज्याला गाव सोडून दुसरीकडं खेळायचं आहे त्यानं एंट्री फॉर्म भरायच्या आधी कॅप्टनला सांगायचं. सांगितलं तर कोणी अडवायचं नाही.

टाळ्यांचा माझा आग्रह मी मागं घेतो. दोन जर्स्या यांनी सांगितलेलं मला कधी सुचलं नसतं.

मैदानाकाठचा

गुरुवारी मी येतो. दुसऱ्या विषयाले माझा पाठिंबा, पयल्यावर चुलतभाऊ भांडंल, त्याले मी पाहून घेतो. बैठकीच्या आधी पाच वाजता मावशीच्या घरी जाऊन येऊ. तुमी सोबत या, एकट्यानं जाले मले होत नाई.