ख्रिस्तप्रसाद आणि बलिदान : तुमचे अनुभव लिहा

काल दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये भाचीचा पहिला ख्रिस्तप्रसाद झाला, म्हणजे मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) येशूचं शरीर मानून देतात ती भाकर तिने पहिल्यांदा घेतली. तिला रांगेत बघून आजी आठवली. तिच्या तरुणपणी मध्यरात्रीपासून पोटात काही न घालता मिस्सेला जायचं. १९६४ साली हा उपास तासाभरावर आला. त्याच वर्षी मुंबईत युकॅरिस्टिक काँग्रेस (ख्रिस्तप्रसादाचा जागतिक कॅथलिक मेळावा) भरली, पोप सहावे पॉल आले, आजी त्या गर्दीत होती. पण मध्यरात्रीचा उपास तिने शेवटपर्यंत पाळला. म्हणायची, "त्याने जीव दिला, मी चहा सोडू नये?" तुमच्याकडे काय आठवणी?

गिरगावची मीनल
मी हिंदू. मैत्रिणीबरोबर माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला (मरीयामातेच्या प्रार्थनेला) गेले होते. रांगेत पुढे गेल्यावर फादरांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, ती पांढरी चकती नाही दिली. वाईट नाही वाटलं. पण का ते कुणी सांगेल? आणि मिस्सेला येशूचा बळी म्हणतात, तो दर रविवारी पुन्हा कसा?

वांद्रेकर
मीनलताई, वेदीवर फादरांनी "हे माझे शरीर आहे" म्हटल्यावर आम्ही तिला भाकर मानत नाही, तो ख्रिस्त स्वतः. म्हणून बाप्तिस्मा आणि तयारी झालेल्यांनाच देतात. बळी पुन्हा होत नाही. क्रूसावर एकदाच झाला, बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात त्या 'एकदाच'वर फार जोर आहे. मिस्सेत तोच बळी आपल्यापुढे येतो. यहुद्यांच्या वल्हांडण सणाचं कोकरू कापलं की घरच्यांनी ते खायचंच असे. बळी आणि जेवण तेव्हापासून एकत्र आहेत.

भायखळा_रेचल
आम्ही प्रोटेस्टंट, आमच्याकडे स्मरण म्हणून प्रभुभोजन, महिन्याच्या पहिल्या रविवारी. ट्रेमधून छोटे पेले फिरतात. त्याआधी पाळकसाहेब आत्मपरीक्षा करायला सांगतात. माझ्या सासूबाई आणि आत्या जागेवरून भांडून बोलत नव्हत्या. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं 'अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर' वाचलं गेलं. आत्या उठल्या, बाक ओलांडून सासूबाईंकडे गेल्या, दोघी रडल्या, मग पेला घेतला. जागेचा हट्ट सोडणं हेही बलिदानच, असं मला तेव्हापासून पक्कं वाटतं.

मीनल
रेचल, काटा आला वाचून. वांद्रेकरदादा, आभार.

उत्तनचा पोर
२०२० ला कोरोनात चर्च बंद. मिस्सा मोबाइलवर, आई टेबलावर पांढरं कापड घालून बसायची. ख्रिस्तप्रसाद मोबाइलमधून कसा मिळणार! ती फक्त प्रार्थना म्हणायची, "मनात ये". उघडल्यावर हातावर घेतला तेव्हा बोटं थरथरत होती तिची.

लोअर परळ
मी आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद नेतो. गोल डबी गळ्यात, शर्टाच्या आत. लोकलमध्ये गर्दी असली की हात छातीवर. चाळीत एक काका अंथरुणाला खिळलेले, बाकी कुणी जात नाही त्यांच्याकडे. घास घेतल्यावर ते माझा हात सोडत नाहीत. पुढचं घर थांबतं, थांबू दे. दिलेलं शरीर खायचं आणि आपण वेळही द्यायचा नाही, हे जमत नाही मला.

रेचल
दादा, त्या काकांचं जेवणखाण कोण बघतं? आमच्या मंडळीतल्या बायका डबा देतील. व्यनि (खासगी निरोप) करते.

कुर्ल्याची आई
विषय सोडून विचारते, माफ करा. लेकीचा पहिला ख्रिस्तप्रसाद जवळ आलाय. साधा पांढरा फ्रॉक कुठे शिवून मिळेल?

वांद्रेकर
हिल रोडला बघा. कापड सुती घ्या, चर्चमध्ये उकडतं फार.