ब्लॅकबेरीची छाटणी: कोणत्या फांद्या ठेवाव्यात?

प्रश्न: आम्ही ऑरेगनमधील पोर्टलंड येथे राहतो. परसातील बिनकाटेरी ब्लॅकबेरीला गेल्या उन्हाळ्यात भरघोस फळे आली. परंतु फेब्रुवारीत मी सर्वच फांद्या जमिनीलगत छाटल्या आणि यंदा एकही फूल नाही. माझे काय चुकले?

प्रतिसाद १: ताई, ब्लॅकबेरीचे मूळ वर्षानुवर्षे जगते, परंतु तिची प्रत्येक फांदी दोनच वर्षांची सोबती असते: पहिल्या वर्षी ती केवळ वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि वाळते. वाळलेल्यांबरोबर आपण यंदा फळणाऱ्या फांद्याही काढल्यात. आता फुटलेले हिरवे कोंब साडेतीन फुटांवर गेले, की शेंडे दोन-तीन इंच खुडावेत, म्हणजे बगलफुटी (बाजूच्या फांद्या) जोमाने येतील. या बगलफुटी हिवाळ्याच्या अखेरीस सुमारे १२ ते १८ इंच ठेवून छाटाव्यात.

प्रतिसाद २: हे उभ्या वाढणाऱ्या जातींना लागू, वेलासारख्या पसरणाऱ्या जातींच्या फांद्या शेंडे न खुडता तारेवर बांधाव्यात. ‘प्राइम-आर्क फ्रीडम’ ही जात मात्र पहिल्या वर्षीच्या फांदीवरही फळते. तिला आपली कात्री सोसली असती!

प्रश्नकर्ती: आमचे झुडूप उभेच वाढते. आज मोजले, तर बोटाएवढे जाड पाच कोंब निघाले. त्यांपैकी एक कुंपणापलीकडे, शेजाऱ्यांच्या हिरवळीत आहे.