कंपन्यांच्या प्रयोगशाळांत जन्मलेल्या संगणकभाषा: हेतू विक्रीचा होता का?

अर्धविराम:
फोरट्रान, सी आणि अर्लँग या तिन्ही भाषा विद्यापीठांत नव्हे, तर कंपन्यांत तयार झाल्या. भाषा विकून पैसे मिळवावेत, असा त्यामागे हेतू होता का? तसे असेल, तर बेल लॅब्ज या एटी अँड टी कंपनीच्या प्रयोगशाळेने सी जवळजवळ फुकट का जाऊ दिली, हे मला उलगडत नाही. शिवाय सीमधील ++ (आकडा एकाने वाढवणारे) हे चिन्ह पीडीपी-११ या जुन्या संगणकाच्या यंत्रआज्ञेवरून आले, असे अनेकदा वाचनात येते. ते खरे आहे का?

शून्यांश:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ही दंतकथा फार चिवट आहे. ++ हे चिन्ह बेल लॅब्जमधील केन थॉम्पसन यांनी सीच्या आधीच्या बी या भाषेत आणले आणि त्या वेळी पीडीपी-११ अस्तित्वातच नव्हते. पीडीपी-७ या त्याआधीच्या संगणकाच्या स्मृतीतील काही जागा मात्र अशा होत्या की, त्यांच्यामार्फत दुसरा पत्ता गाठला की त्यांतील आकडा आपोआप एकाने वाढे. कल्पना तेथून सुचली असणे शक्य आहे.

सीवर पीडीपी-११ चे खरे ऋण वेगळे आहे. बीमध्ये मूल्यांचे (पूर्णांक, अक्षर असे) प्रकारच नव्हते. प्रत्येक मूल्य म्हणजे यंत्राचा एक शब्द (स्मृतीचा ठरावीक आकाराचा तुकडा), आणि पॉइंटर (स्मृतीतील जागा दाखवणारे मूल्य) म्हणजे शब्दांच्या रांगेतील क्रमांक. पीडीपी-११ मध्ये पत्ते बाइटनिहाय असल्याने असा प्रत्येक पॉइंटर वापरताना, प्रोग्रॅम चालू असतानाच, त्याचे बाइटच्या पत्त्यात रूपांतर करावे लागे, आणि एकेक अक्षर हाताळणे तर त्याहून किचकट होते. थॉम्पसन यांचे सहकारी डेनिस रिची यांनी १९७१ पासून बीमध्ये int (पूर्णांक) आणि char (अक्षर) असे प्रकार घातले, आणि त्यातूनच सी घडली. ज्या दगडाला ते ठेचकाळले, तोच त्यांनी पायरीला वापरला असे म्हणावे लागेल. १९७३ मध्ये बेल लॅब्जच्याच युनिक्स या कार्यप्रणालीचा (संगणक चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) गाभा सीमध्ये पुन्हा लिहिला गेला. विक्रीचा विचार यात कुठेच दिसत नाही.

जुनी_फीत:
वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु ‘फुकट जाऊ दिली’ यामागे औदार्यापेक्षा कायदा अधिक होता. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीनुसार एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी कंपनीला दळणवळणाखेरीज अन्य व्यवसायात उतरता येत नव्हते. त्यामुळे युनिक्स हे उत्पादन म्हणून बाजारात आणण्याची सोय नव्हती. विद्यापीठांना ते नाममात्र शुल्कात, परवान्यासह आणि मूळ संहितेसकट मिळत असे, आणि सीचा कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रसंकेतात भाषांतर करणारा प्रोग्रॅम) त्याच्याबरोबरच जाई. परवाना होता, हे विसरू नये.

स्थिरांक:
फोरट्रान तयार करणाऱ्या आयबीएमच्या बाबतीत व्यवहाराचा हिशेब होता, पण तोही भाषा विकण्याचा नव्हे. तेथील जॉन बॅकस यांनी १९५३ च्या अखेरीस फोरट्रानचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यांचा मुख्य मुद्दा प्रोग्रॅम लिहिण्यावर आणि त्यातील चुका शोधण्यावर होणारा खर्च हा होता. आयबीएम ७०४ या संगणकावर बसवलेला कंपायलर १९५७ मध्ये ग्राहकांच्या हाती पडला. त्याने तयार केलेला यंत्रसंकेत हाताने लिहिलेल्याच्या तोडीचा नसेल, तर कोणी तो वापरणार नाही, ही धास्ती त्या चमूला सतत होती. म्हणूनच बहुतेक कष्ट भाषेच्या रचनेवर नव्हे, तर संकेत वेगवान करण्यावर खर्ची पडले. (भाषा आम्ही जाता जाता ठरवत गेलो, असे बॅकस यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे.)

अर्लँगची कथा मला सर्वांत बोलकी वाटते. एरिक्सन या स्वीडिश दूरसंचार कंपनीच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेत १९८६ च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग टेलिफोन एक्स्चेंजचे काम प्रोलॉग या आधीच्या संगणकभाषेत करून पाहत होते. एक प्रक्रिया कोसळली तरी बाकीचे कॉल चालू राहिले पाहिजेत, या गरजेतून त्या प्रयोगाची भाषा झाली. तरीही १९९८ मध्ये एरिक्सनच्याच एका उपकंपनीने नव्या उत्पादनांसाठी तिच्या वापरावर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती मुक्त स्रोत म्हणून खुली झाली. त्यानंतर लवकरच तिच्या कर्त्यांपैकी बरेच जण कंपनी सोडून गेले आणि बाहेर त्याच भाषेत काम करू लागले.