मदत हवी आहे: सेमिस्टरच्या मध्येच विषय सोडला तर ग्रँट परत करावी लागते का?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक दुसऱ्या वर्षाला आहे, पेल ग्रँट (फेडरल सरकारची शिक्षणासाठीची मदत) आणि फेडरल लोनवर शिकतेय. महिनाभर ताप हटत नाहीये. काल रात्री लॅपटॉपवर केमिस्ट्रीचा अर्धा रिपोर्ट उघडा आणि पोरगी टेबलावरच डोकं टेकून झोपलेली. बघवत नाही हो.

१५ आठवड्यांपैकी सातवा चालू आहे. मला कळलंय ते असं: सगळेच विषय ६० टक्के सेमिस्टर व्हायच्या आत सोडले, तर जेवढे दिवस झाले तेवढीच मदत 'कमावलेली' धरतात. उरलेली परत जाते आणि कॉलेज आपल्याला बिल पाठवतं. सगळे न सोडता फक्त काही विषय सोडले तर तो हिशोब लागत नाही, पण गुणपत्रिकेवर डब्ल्यू (विषय सोडल्याची खूण) लागतो आणि ते क्रेडिट प्रयत्न केलेल्यांत धरतात.

तिची आतापर्यंत २८ पैकी २४ क्रेडिट पूर्ण आहेत, या वेळी १३ घेतलीत. ७ सोडली तर ४१ पैकी ३० होतात. सगळी सोडली तर ४१ पैकी २४, म्हणजे ५९ टक्केसुद्धा नाही, आणि मदत चालू राहायला तिच्या कॉलेजची अट ६७ टक्के क्रेडिट पूर्ण असण्याची आहे! उरलेल्या ६ क्रेडिटवर ती निदान हाफ-टाइम राहते, म्हणजे लोनची परतफेड सुरू होणार नाही. माझा कल तिकडेच आहे.

आजारपणाचं कारण देऊन कुणी अपील केलंय का? डॉक्टरांच्या पत्रात नेमकं काय लिहून घेतलंत? आणि राज्याच्या ग्रँटचं काय झालं? शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचाय. अनुभव असेल तर कृपया सांगा.