सोनेरी शाई डब्यातच हिरवी पडते, काय चुकतंय?

नमस्कार मंडळी, घरीच स्क्रीन प्रिंटिंग करतो, मुख्यतः लग्नपत्रिका. तुळशीचं लग्न झालं की उसंत नसते, त्यात हे लफडं. ४०० पत्रिकांची ऑर्डर, मरून कागदावर सोनेरी. नेहमीचं मिडियम संपलं म्हणून घरात पडलेल्या तेलाच्या वॉर्निशमध्येच ब्राँझ पावडर कालवली, पहिल्या २०० पत्रिका झकास निघाल्या. उरलेली शाई झाकण लावून ठेवली आणि तिसऱ्या दिवशी बघतो तर कडेला हिरवट साय, खाली खळीसारखा गोळा. थिनर मारून रेटलं तर सोनेरीऐवजी शेवाळी. त्यात मुलीच्या वडिलांनी 'श्री गणेशाय नमः'वरून अंगठा फिरवला, अंगठाच सोनेरी! दुकानदार म्हणतो पावडर एक नंबर आहे. मग चुकतंय कुठे?

शाईवाला: दुकानदार खोटं बोलत नाहीये. त्यात सोनं तर नाहीच, आणि नाव ब्राँझ असलं तरी ते पितळच, तांबं आणि जस्त. तेलाच्या वॉर्निशमध्ये आम्ल असतं, ते तांब्याला धरतं आणि हिरवं होतं. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवल्यासारखंच झालं हे. मिडियम घेताना ब्राँझसाठी चालणारं, कमी आम्लाचं असंच सांगून घ्या. आणि लागेल तेवढीच कालवा, पावडर कोरडी ठेवली तर टिकते, कालवलेली शाई शिळी ठेवायची नाही.

पत्रिकाघर: अंगठ्याचं वेगळं आहे. पावडर म्हणजे बारीक चपटे पापुद्रे, त्यांना स्टिअरिक ॲसिडचा हात दिलेला असला की ते तरंगून वर येतात, त्याला लीफिंग म्हणतात. चमक भारी पण पापुद्रे वरच उघडे, म्हणून पुसतात. नॉन-लीफिंग घ्या, चमक थोडी कमी पण बोटाला येत नाही. आणि चमक हवी म्हणून पावडर ओतत सुटलात तर धरून ठेवायला मिडियमच उरत नाही, बहुतेकांचं इथेच चुकतं. मिक्सरने घोटू नका, पापुद्रे मोडतात आणि शाई मळकट दिसते.

शाईवाला: शेड मागवताना पण बघा, नावं उलटी आहेत. रिच गोल्डमध्ये साधारण ७० टक्के तांबं, ते पिवळं. पेल गोल्डमध्ये ९०, ते लालसर. मी पेल म्हणजे फिकट समजून अख्खा किलो आणला होता 😀 आणि कालवताना पंखा बंद, तोंडाला मास्क, जवळ विडीकाडी नको, ही भुकटी पेट घेते.

धागाकर्ता: मंडळी आभार. काल दोन कपांत चमचा चमचा कालवून ठेवली, एकात तेच वॉर्निश, एकात नवीन मिडियम. सकाळी वॉर्निशवाल्याच्या कडेला हिरवी रेघ, दुसरी जशीच्या तशी. उरलेल्या २०० नव्याने छापतोय, पहिल्या २०० तर वाटूनही झाल्या. आता शेवटचं, स्क्रीनच्या जाळीत पापुद्रे अडकतात, मेश किती नंबरची घेऊ?

पत्रिकाघर: नंबर पावडर किती बारीक आहे त्यावर. आहे त्याहून एक पायरी मोकळी घेऊन बघा, नाजूक अक्षरं थोडी जाड येतील.